तीन पिढ्यांचा सेनापती

तो सिनेमा जगभर लाखो लोकांनी पाहिला असेल, पण बरोबर पाहिला तो फक्त आम्ही, कुवेतमधल्या हवल्लीच्या एका गच्चीवर बसून. बाकीच्या जगाला वाटतं की त्यात सेनापती एकच आहे. आम्हांला विचाराल तर तीन आहेत: बाप, मुलगा आणि नातू. तिघांचं नाक एक, तिघांचा लाल अंगरखा एक, आणि तिघेही डावखुरे. (डावखुरे की उजवे यावर आमच्या घरात अजून वाद आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो.)

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. हल्ली त्याच्यावर वर्तमानपत्रांत लांबलचक लेख येतात. असा रोमन काळावरचा भव्य ऐतिहासिक सिनेमा पुन्हा होणे नाही, एवढे हत्ती पुन्हा एका जागी जमणे नाही, वगैरे. लोक ते वाचून गहिवरतात. मी वाचतो आणि मला दरदरून घाम फुटतो, कारण माझं लग्न त्या हत्तींच्या पाठीवरून आलं.

त्या काळी मी कुवेतमध्ये एका तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत, आणि इंग्रजी खोक्यांपुरतं. म्हणजे खोक्यांवर जे छापलेलं असतं तेवढं मला यायचं: नट, बोल्ट, वॉशर, हँडल विथ केअर, धिस साइड अप. एवढ्या इंग्रजीवर माणूस आयुष्य काढू शकतो. लग्न मात्र करू शकत नाही, निदान इसाक चाचांच्या मुलीशी तरी नाही.

इसाक चाचा एके काळी गलबतावर तांडेल होते. गावाकडून कौलं आणि आंबे भरून इकडे आणायचे आणि परत जाताना खजूर न्यायचे. पुढे शिडाचे दिवस संपले तेव्हा त्यांनी गलबत विकलं आणि हवल्लीत दोरखंड, ताडपत्री आणि बादल्यांचं दुकान टाकलं. बायको-मुलीलाही बोलावून घेतलं. मुलगी जुबेदा. तिला मी दुकानात एकदा पाहिलं होतं. ती दोरी मापत होती, आणि मी गरज नसताना इतकी दोरी विकत घेतली की आमच्या खोलीवर पुढे दोन वर्षं सगळ्यांचे कपडे तिच्यावर वाळत होते.

चाचांची अट एकच होती: जावयाला इंग्रजी आलं पाहिजे. कारण असं की पूर्वी एकदा बंदरावर एक गोरा साहेब त्यांच्याशी घटकाभर हातवारे करत बोलला होता, आणि तो आपल्याला शिव्या देत होता की शाबासकी, हे चाचांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते शल्य त्यांच्या मनात घर करून राहिलं होतं.

माझा खोलीतला जोडीदार काशीम आमच्याच गावचा, कंपनीत फिटर. माझी अवस्था पाहून तो परस्पर चाचांकडे जाऊन बोलणी करून आला.

"काशीम, तू काय सांगून आलास त्यांना?"

"खरां तेच. हमीद दिवसभर इंग्रजीत काम करतो म्हटलां."

"अरे, मी खोकी मोजतो."

"इंग्रजीतच मोजतंस ना?"

चाचांनी मला बोलावून घेतलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. म्हणाले, "मना कागद दाखवू नको. कागद कोण पण आणतो. ईदीला माझ्या गच्चीवर सिनेमा लावू. इंग्रजी. सगळी लोकां बघतील, आणि काय चाललाय ते तू सांगायचां. मना समजला, तर पोरगी तुझी."

"आणि नाय समजला तर?"

"तर चहा पी आणि घरी जा."

सिनेमा आणि मशीन भाड्याने देणारा एक इजिप्शियन गृहस्थ शहरात होता. त्याचं हिंदी आपल्याकडचे सिनेमे दाखवून दाखवून तयार झालेलं. मी त्याला गुपचूप गोष्ट विचारून घेतली. त्याने ती सांगितली अशी: "सेनापती. रानी. मोहब्बत. फिर लडाई, लडाई, लडाई. आखिर में खलास." खलास म्हणताना त्याने गळ्यावरून बोट फिरवलं. मी एवढ्यावर एक झकास भाषण रचलं आणि खोलीतल्या भिंतीला तोंड करून पाठ केलं. 'एक होता शूर सेनापती' इथपासून सुरुवात, आणि शेवटी 'असा तो अल्लाला प्यारा झाला' इथे आवाज कापरा करायचा. काशीम म्हणाला, ऐकून त्यालाच माझ्याशी लग्न करावंसं वाटलं.

ईदच्या दिवशी डबे आणायला चाचा स्वतः दुकानाची गाडी घेऊन आले. तिथेच माझं नशीब फिरलं.

सिनेमाच्या रिळांचे पाच पत्र्याचे डबे होते आणि त्यांच्यावर खडूने एक ते पाच आकडे घातलेले. उन्हाळा असा की गाडीच्या पत्र्यावर पापड भाजावेत. चाचांनी एका डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"फिलम म्हणजे मेणासारखी. वितळंल," ते म्हणाले. "गोणपाट भिजवून आण."

"चाचा, ती वितळत नाही."

"मी आंबे आणलंय ह्या दर्यातून. एक नासला नाय."

गोणपाट आले. चाचांनी पाचही डबे ओल्या गोणपाटात असे मायेने गुंडाळले की तान्ही पोरं इतकी गुंडाळत नसतील. मग ते रचायला लागले. हातात तोलून पाहायचे, मान हलवायचे, खाली-वर करायचे.

"जड माल तळाला, हलका माथ्याला," मला शिकवत ते म्हणाले. "नायतर कलंडतां."

ही मोटार आहे, गलबत नव्हे, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण होणाऱ्या सासऱ्याला शहाणपण शिकवणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. मी ते वाक्य गिळलं.

सिनेमाच्या धंद्यातली एक गोष्ट तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हती. पहिलं रीळ भरगच्च असतं आणि शेवटच्यात उरेल तेवढीच फिल्म, म्हणजे ते सगळ्यात हलकं. आमच्या सिनेमाची तर पाचही रिळं उतरत्या भाजणीची होती. चाचांच्या हिशेबाने पहिला डबा तळाला गेला आणि शेवटचा माथ्यावर आला. गच्चीवर गोणपाट सोडले तेव्हा डबे धुऊन लख्ख झाले होते आणि खडूचे आकडे कुठल्या कुठे गेले होते.

काशीम मशीनवर होता. त्याने माथ्यावरचा डबा उघडला आणि रीळ चढवलं. त्याच्या मते वरचा डबा तो पहिला, आणि चाचांनी स्वतः लावलेल्या मालावर शंका घेणारा माणूस हवल्लीत जन्मायचा होता.

गच्चीच्या मधोमध दोन चादरी एकत्र शिवून दोरीवर ताणल्या होत्या. (शिवण जुबेदाची. ती मी आधीच तीन वेळा जवळून पाहून घेतली.) चादरीच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. ही व्यवस्था चाचीची. चादर पातळ होती, त्यामुळे सिनेमा दोन्हीकडून दिसणार होता, आणि पडद्यापाठी पडदाही राहणार होता. याहून चांगली सोय कुठल्या थिएटरात असेल? मी चादरीच्या बाजूला रॉकेल ओतायचं नरसाळं तोंडाशी धरून उभा राहिलो. संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली, अंधार पडला, मशीन घरघरलं.

"मंडळी," मी नरसाळ्यातून गरजलो, "हा पाहा शूर सेनापती. आता हा मोठमोठे पराक्रम करून..."

सेनापतीच्या छातीत भाला घुसला आणि तो घोड्यावरून खाली पडला.

"...मेला," मी म्हणालो.

पुढे दहा-बारा मिनिटं नुसती रडारड. राणी रडली, फौज रडली, एक हत्तीसुद्धा खिन्न दिसला. मग मोठी चिता पेटली, आणि धुरातून दोन इंग्रजी शब्द वर आले. ते दोन शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही येतात, कारण ते आपल्याही सिनेमांत येतात.

"संपला?" चाचांनी विचारलं.

चादरीपलीकडून चाचीचा आवाज आला, "अगो बाई, इतक्यात? मी अजून सांदणांचा डबा पण उघडला नाय."

लोक चपला शोधायला लागले. काशीम मशीनमागून माझ्याकडे पाहत होता आणि मी उरलेल्या चार डब्यांकडे. आखिर में खलास! काय झालंय ते माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आता खरं सांगायचं म्हणजे भर ईदच्या दिवशी, अख्ख्या गाववाल्यांसमोर, इसाक तांडेलांनी माल उलटा भरला असं नरसाळ्यातून जाहीर करायचं. त्यापेक्षा चहा पिऊन घरी गेलेलं काय वाईट?

"बसा, बसा," मी म्हणालो. "चाचा, इंग्रजांची रीत वेगळी. आपण शेवट लपवून ठेवतो. ते आधीच सांगून टाकतात. उगाच जिवाला घोर नको."

चाचांनी विचार केला. "म्हणजे गलबत सोडायच्या आधीच बुडणार काय ते सांगतात?"

"होय."

"बरी रीत हाय," चाचा म्हणाले, आणि लोक परत बसले.

दुसरं रीळ लागलं. सेनापती ठणठणीत, घोड्यावर, हातात तलवार.

"ह्यो मेला ना आताच?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हा त्याचा मुलगा," मी म्हणालो. इतकं चटकन म्हणालो की माझं मलाच खरं वाटलं.

"बापासारखाच दिसतो," चाचा म्हणाले.

"खानदानच तसं."

इथवर ठीक होतं. पण मग ती राणी आली, आणि मघाशी चितेजवळ छाती पिटणारी बाई आता सेनापतीच्या गळ्यात पडून त्याला लढाईला धाडू लागली. चाचा खुर्चीवरून अर्धे उठले.

"हमीद, ही ह्याची आई ना रे?"

"नाही, नाही, चाचा. आई वेगळी. ही मामेबहीण. घरातच दिलीय." मी घाम पुसला. "पोरीचा चेहरा तिच्या फुफीवर गेलाय."

चाचा पुन्हा टेकले. आमच्यात घरातल्या घरात लग्नं होतात, आणि भाची फुफीसारखी, म्हणजे आत्यासारखी दिसली की पाहुणे कौतुक करतात. "हां, आपल्यासारखीच लोकां हायत," ते शेजारच्याला म्हणाले. रोमन साम्राज्याला रत्नागिरीकडचं सोयरेपण इतक्या सहज मिळालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्यानंतर कथा माझ्या हाताबाहेर जाण्याऐवजी मीच कथेच्या हाताबाहेर गेलो. तिसऱ्या रिळात सेनापती आणखी तरुण निघाला, तेव्हा मी त्याला नातू केलं आणि पुन्हा एका मामेबहिणीशी त्याचं लग्न लावून टाकलं. म्हातारा बादशहा मात्र गैरसोयीचा होता. तो मरेना, आणि दर रिळाला त्याचे केस काळे होत चालले.

"ह्याचे केस पांढरे होते नव्हं?" काशीमने मशीनमागून विचारलं. (हा माझा मित्र!)

"कलप लावतो," मी म्हणालो.

फौज उघड्या गुडघ्यांनी चालली होती. त्यावर चाचीने पलीकडून विचारलं की ह्यांच्या बायका ह्यांना पायजमे शिवून देत नाहीत काय. मी म्हणालो, लढाईच्या गडबडीत राहून गेलं असेल. मला वाटलं, आता परीक्षा पार पडली. तेवढ्यात लग्नाची मेजवानी आली. हे लांबच लांब दस्तरखान, अख्खे भाजलेले बकरे, द्राक्षांचे घोस, आणि सगळे सरदार हातांनी हाणत बसलेले.

पलीकडे एकदम गलका झाला. "शी, शी, शी," चाचीचा आवाज. "अहो, बगा तरी, मेले सगळे डाव्या हाताने जेवतायत."

"उजव्याने जेवतायत," चाचा अलीकडून म्हणाले.

"डाव्याने."

"उजव्याने गं. माझ्या डोळ्यांसमोर हाय."

"माझ्या पण डोळ्यांसमोर हाय. तुमच्या चष्म्याला काय झालांय?"

चादरीच्या उलट्या बाजूने पाहिलं की उजव्याचं डावं होतं, ही साधी गोष्ट त्या क्षणी गच्चीवर कुणालाच सुचली नाही. मलाही नाही. मला एवढंच कळत होतं की अलीकडे होणारा सासरा आहे, पलीकडे होणारी सासू आहे, आणि मधे मी नरसाळं घेऊन उभा आहे.

"हमीद," चाचा म्हणाले, "तुला इंग्रजी येतां ना? सांग हिला. उजवा का डावा?"

"सांग रे," चाची पलीकडून म्हणाली. "खरां सांग."

मी डोळे मिटले आणि नरसाळं तोंडाला लावलं. "तुम्ही दोघंही बरोबर. त्यांचा रिवाज असा आहे. पुरुषांच्या देखत उजव्याने खातात आणि बायकांच्या देखत डाव्याने."

मग चाचांनी मांडीवर थाप मारली. "बग, सांगत होतो ना, उजवा." आणि पलीकडे चाची म्हणाली, "सांगत होते ना, डावा. बायकांची किंमतच नाय मेल्यांना." दोघंही खूश झाले. त्याच वेळी चादरीपलीकडे कुणीतरी तोंडात ओढणी कोंबून हसलं. तो आवाज जुबेदाचा होता. ती माझ्या हुशारीवर हसली असं मी तेव्हा धरून चाललो, आणि नक्की कशावर हसली ते विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

चौथ्या रिळाला वारा सुटला. इकडचा वारा सुटतो म्हणजे वाळूसकट सुटतो. चादर आधी शिडासारखी फुगली, त्यात बादशहाला पोट आलं, मग एका बाजूची दोरी सुटली आणि अख्खी फौज चादर सोडून शेजारच्या भिंतीवर चालून गेली. शेजारी एक पॅलेस्टिनी मास्तर राहायचे. त्यांनी खिडकी उघडली तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हत्ती चाललेले. त्यांनी खिडकी हळूच परत लावून घेतली.

"शीड धरा," चाचा गरजले, आणि तांडेलाच्या जुन्या सवयीने चादरीचं टोक पकडून लटकले. दुसऱ्या टोकाला मी धावलो. चादर वर उडाली, आणि समोर, हातभर अंतरावर, तेच टोक पलीकडून धरून जुबेदा उभी. चेहऱ्यावर मशीनचा उजेड. काय सांगू! मी जे काही बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो.

तीच बोलली. "नरसाळां उलटां धरलंय तुमी."

मी पाहिलं. खरंच, रुंद तोंड माझ्या तोंडावर होतं आणि नळी लोकांकडे. आल्यापासून मी असाच गरजत होतो. ज्या माणसाला इंग्रजीतलं धिस साइड अप तेवढं येतं, त्याची ही गत.

पाचवं रीळ आम्ही चादर हाताने धरूनच पाहिलं. ते लागलं, ढोल-नगारे वाजले आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत सिनेमाचं नाव आलं. पाठोपाठ नटांची नावं, मग इतर मंडळींची, मग जगातली उरलेली सगळी नावं.

चाचा चादरीच्या टोकाला लटकलेलेच होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हमीद. नाव आता?"

माझ्यात काही उरलं नव्हतं. तरी तोंड चाललं. "चाचा, त्यांच्यात आधी काम करतात. नाव मागून लावतात."

त्या रिळात सेनापती मिसरूड फुटलेला पोरगा होता. गरीब घर, दारात आई. आईने गाठोडं बांधून दिलं, तो रस्त्याला लागला, वळणावर मागे वळून पाहिलं, आणि रीळ संपलं. चादर पांढरी झाली. कुणी उठलं नाही. गच्चीवरचा एकेक माणूस असंच गाठोडं घेऊन गावाहून निघालेला होता आणि त्या वळणावर मागे वळून पाहून आलेला होता. काशीम मशीन बंद करायचं विसरून डोळे पुसत होता. मलाही रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. असा शेवट त्या सिनेमाच्या कर्त्यालाही सुचलेला नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन.

चाचांनी चादर सोडली, हात झटकले आणि म्हणाले, "पोरगी तुझी."

पुढच्या हंगामात गावी जाऊन लग्न झालं. पण परीक्षा पास होण्याची शिक्षा असते. त्या दिवसापासून चाचा मला जिथे तिथे दुभाषा म्हणून न्यायला लागले: बंदरावर, बँकेत, डॉक्टरकडे. आपलं पितळ उघडं पडेल या भीतीने मी न्हाणीघरात डिक्शनरी लपवली आणि वर्षानुवर्षं कडी लावून इंग्रजी शिकलो. (चाचांनी जुबेदाला हळूच विचारलं होतं म्हणे, ह्याच्या पोटाचा काही त्रास आहे काय.) आणि सिनेमा? तो गाववाल्यांनी तोंडातोंडी गावी नेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आजही म्हातारे पोरांना तीन पिढ्यांच्या सेनापतीची गोष्ट सांगतात, मामेबहिणींसकट.

कैक वर्षं गेली. आम्ही कुवेतमध्येच अब्बासियात राहायला आलो. चाची अल्लाला प्यारी झाली आणि चाचा आमच्याकडे आले. आमची मुलगी नसीम कॉलेज संपवून नोकरीला लागली, आणि एका शुक्रवारी ती तोच सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर घेऊन आली.

"सरप्राइज, पप्पा! युअर मूव्ही!"

काशीमला जेवायला बोलावलं होतं, तो हौसेने पुढे सरसावून बसला. चाचा आरामखुर्चीत. जुबेदा कांदा चिरायचं ताट घेऊन दाराशी. आणि सुरुवातीलाच सिनेमाचं नाव आलं.

"नाव आधी?" काशीम म्हणाला. "कॅसेट उलटी घातली वाटतां."

मग सेनापती जन्मभर एकटाच जगला. तरुण झाला, लग्न केलं, लढला आणि शेवटी मेला. बाप नाही, मुलगा नाही, नातू नाही. काशीम खवळला. "ही नकली हाय. दोन पिढ्या कापून टाकल्यान. पैसे परत घे, नसीम."

"काशीमचाचा, इट्स जस्ट वन मॅन!"

"तुला काय म्हायती? तुझ्या बापाने नरसाळ्यातून सांगितलांय."

मी चाचांकडे पाहत नव्हतो. पण चिता पेटली, ते दोन शब्द आले, आणि आरामखुर्ची करकरली.

"हमीद," चाचा म्हणाले, "मी डबे उलटे लावले होते."

"नाही हो चाचा, त्या इजिप्शियनानेच..."

"गप रं. जन्मभर माल भरला मी. मागून ठेवलेला आधी निघतो, हे मना तू शिकवणार? नाव शेवटी आलां तेव्हाच मना समजला. आणि तुला इंग्रजी येत नाय, हे पण."

डिक्शनरीची सगळी पानं न्हाणीघरातल्या वाफेसकट डोळ्यांपुढून गेली. "मग पोरगी का दिलीत?"

"इंग्रजी येणारे हवल्लीत पुष्कळ होते," चाचा म्हणाले. "माझी चूक पोटात घालून चार लोकांत स्वतः खुळा बनणारा तू एकटाच." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढं कौतुक त्या माणसाने माझं उभ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"पण डावखुरेच होते हां ते सगळे," दारातून जुबेदा म्हणाली.

नसीमने कॅसेट मागे नेऊन मेजवानीवर थांबवली. पडद्यावर सेनापती बकऱ्याची तंगडी घेऊन गोठला होता. आता मला उत्तम इंग्रजी येत होतं, नवा चष्मा होता, टीव्ही स्वच्छ होता, आणि तंगडी उजव्या हातात होती. जुबेदा माझ्याकडे पाहत होती. हातात सुरी होती, कांद्याची.

"डावाच," मी म्हणालो.

"पप्पा!" नसीम म्हणाली. "दॅट इज हिज राइट हँड!"

"बेटा," मी हळूच म्हटलं, "तुझं लग्न व्हायचंय अजून."